मोरणीच्या डोंगरात झोळीतली रात्र

चंडीगड पाहून आलेल्या मराठी प्रवाशाला आपण प्रवासाचे वर्तमान विचारले, तर तो ल कार्बुझिए यांनी आखलेले प्रशस्त रस्ते, सुखना तलाव आणि नेकचंद यांचे रॉक गार्डन यांविषयी भरभरून बोलेल. शेजारच्या पंचकुल्याचे नाव मात्र त्याच्या तोंडी क्वचितच येते. आलेच तर पिंजोरच्या मोगल उद्यानाकडे जाताना वाटेत लागलेले शहर, एवढ्यापुरतेच. वास्तविक घग्गर नदीच्या काठचे हे नगर हरियाणातील एका जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे. हा जिल्हा १५ ऑगस्ट १९९५ रोजी अस्तित्वात आला. गावाचे नाव पाच 'कुल्यां'वरून, म्हणजे नदीचे पाणी शेतापर्यंत नेणाऱ्या पाच पाटांवरून पडले, असे तेथील लोक सांगतात. भाषांतराच्या व्यवसायात आयुष्य घालवणाऱ्या मजसारखीला कुल्या हा जुना संस्कृत शब्द गावाच्या नावात असा जिवंत सापडला, याचेच अप्रूप अधिक वाटले.

परंतु मला वाचकांना न्यायचे आहे ते नगरात नव्हे, तर त्याच्या पूर्वेला उभ्या असलेल्या मोरणीच्या डोंगरात. तेथे एका रात्री थंडीने आम्हाला जो धडा दिला, तो तंबू-मुक्कामाची हौस असलेल्या प्रत्येक कुटुंबाच्या उपयोगी पडेल असे वाटते.

पंचकुल्याहून मोरणी सुमारे तीस-पस्तीस किलोमीटर. रस्ता शिवालिकच्या ठिसूळ कड्यांना वळसे घालीत चढतो, आणि उंची वाढत जाते तसतशी चिडाची उंच, सरळ झाडे दिसू लागतात. गाव सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. हरियाणातील सर्वांत उंच शिखर, करोह, याच डोंगरांत आहे. मोरणी गावातून रस्ता पुन्हा खाली उतरतो आणि टिक्कर ताल नावाच्या दोन तळ्यांपाशी पोहोचतो. दोन्ही तळ्यांच्या मध्ये एक टेकडी आहे. तरीही दोहोंतील पाण्याची पातळी सारखीच राहते, असे गावकरी श्रद्धेने सांगतात.

माझे भाऊजी सैन्यात असून त्या वर्षी त्यांची नेमणूक चंडीमंदिर येथे होती. आपल्याकडील भोगीच्या सुमारास तिकडे लोहडी असते. तिच्या आधीच्या दोन सुट्या साधून ताई, भाऊजी, बारा वर्षांचा भाचा आणि मी अशी चौघे तळ्याकाठी, रीतसर परवानगी काढून, मुक्कामाला गेलो. ताई-भाऊजींसाठी तंबू होता. भाच्याच्या हट्टामुळे त्याच्यासाठी व माझ्यासाठी दोन टांगत्या झोळ्या घेतल्या होत्या. इंग्रजीत यांना हॅमॉक म्हणतात. दोन झाडांच्या मध्ये बांधायचे हे नायलॉनचे अंथरूण पाहून ताई म्हणाली, "ही तर आपल्या बाळाची झोळीच!" तिचे म्हणणे अगदी खरे होते.

या झोळीचे मूळ कॅरिबियन बेटांवरील उष्ण प्रदेशात आहे. १४९२ साली कोलंबस तेथे पोहोचला तेव्हा बेटांवरील लोक अशा जाळ्यांत झोपत असल्याचे त्याने पाहिले, आणि पुढे युरोपातील खलाशांनी ती जहाजांवर नेली. जमिनीवरील किड्यामुंग्यांपासून दूर, खालून वारा खेळता, असे हे उन्हाळी अंथरूण. उत्तर हिंदुस्थानातील विणलेली खाट काय किंवा आपली बाज काय, त्यांचाही गुण तोच. जेठाच्या रात्री अंगणात टाकलेल्या खाटेच्या विणीतून वारा वर येतो आणि माणूस सुखाने झोपतो. परंतु जो वारा जेठात सुख देतो तोच पौषात हाडे गोठवतो. म्हणूनच तिकडील खेड्यांत हिवाळ्यात खाटेवर आधी कापसाची जाड गादी पडते, आणि मग पांघरुणाचा विचार होतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपण म्हणतो खरे, पण त्या म्हणीने अंथरुणाची लांबी तेवढी पाहिली. जाडी पाहिली नाही!

पहिल्या रात्री आमचीही चूक तीच झाली. मी अंगावर एक रजई आणि दोन ब्लँकेटे घेतली होती. मध्यरात्रीच्या सुमारास पाठीला, कमरेला आणि पोटऱ्यांना असा गारवा लागू लागला, की जणू कोणी खालून ओले फडके लावीत आहे. शेजारच्या झोळीतून आवाज आला, "मावशी, पाठ गार पडली." मी माझ्यावरील एक ब्लँकेट त्याच्या अंगावर टाकले. पाव तासाने पुन्हा तेच. मुलाचे दात वाजू लागले होते. भाऊजींच्या तापमापकातील पारा पाच अंशांवर उतरला होता.

गडबड ऐकून चौकीदार आला आणि त्याने निखाऱ्यांची शेगडी आणून दिली. मुलाला आम्ही तिच्याजवळ बसवले, हातपाय शेकले. ताईने ती उचलून तंबूत न्यावी म्हणून हात पुढे केला, तोच तो वृद्ध गृहस्थ अदबीने पण ठामपणे म्हणाला, "बीबीजी, इसे बाहर ही रहने दीजिए." त्याने अधिक काही सांगितले नाही, आणि सांगण्याची गरजही नव्हती. बंद जागेत धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जाग येण्यापूर्वीच तो घात करतो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात, आणि तरीही थंडीने काकडणारे आईबाप मुलांच्या मायेपोटीच शेगडी आत घेतात. वाचकांनी या लेखातील बाकी सर्व विसरले तरी चालेल, एवढे मात्र विसरू नये.

मग उपाय काय? उपाय आमच्यापाशी होताच, पण तो चुकीचा बांधला होता.

झोळीबरोबर तिच्या खाली टांगायची एक वेगळी दुलई मिळते. झोळीच्या आत कितीही जाड रजई पसरली, तरी आपल्या भाराने ती पाठीखाली चेपली जाते, आणि चेपलेली रजई ऊब धरीत नाही. ऊब कापसात किंवा पिसांत नसते. त्यांच्या तंतूंत अडकून राहिलेल्या स्थिर हवेत असते. आपल्याकडे दर काही वर्षांनी गादी उसवून पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेण्याची चाल होती, तिचे मर्म हेच. कापूस तोच असे, पिंजल्यावर त्यात हवा पुन्हा खेळू लागे. थंडीच्या सकाळी फांदीवर बसलेली चिमणी पिसे फुलवून चेंडूसारखी गोल होते, तेही याचसाठी. म्हणून ही दुलई झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाने लावतात. तिच्यावर शरीराचा भार पडत नाही आणि ती फुललेली राहते.

आमची दुलई झोळीच्या खाली चांगली वीतभर लोंबत होती. मधल्या पोकळीतून तळ्यावरचा वारा मुक्तपणे ये-जा करीत होता. दुलई असून नसल्यासारखी! भाऊजींनी विजेरी धरली आणि मी तिच्या दोन्ही लांब कडांचे इलॅस्टिकचे दोर आखडून घेतले. उत्साहाच्या भरात ते इतके आखडले, की भाचा झोळीत शिरताच दुलई ताणून सपाट झाली आणि थंडी पूर्वीपेक्षाही वाढली. चेपलेली रजई आत असो की बाहेर, तिचा उपयोग सारखाच शून्य. मग दोर थोडे सैल केले, मुलाला आत निजवले आणि भाऊजींनी खाली वाकून झोळी व दुलई यांच्यामध्ये हात घातला. हात सहज आत गेला, परंतु आतल्या बाजूला झोळीचे कापड आणि बाहेरच्या बाजूला दुलई, असे दोन्ही हाताला लागत होते. हीच खरी खूण होय. दुलईने अंगाला टेकावे, पण अंगाने तिला दाबू नये.

एवढ्याने काम संपले नाही. दुलईच्या दोन्ही टोकांना नेफा असतो आणि त्यात परकराला असते तशी नाडी ओवलेली असते. ही टोके उघडी राहिली, तर खांद्यापाशी व पायांपाशी वारा शिरतो. नाडी फार आवळली, तर टोके वर ओढली जाऊन मधला भाग पाठीपासून सुटतो. म्हणून आधी लांब दोर जुळवावेत आणि मग नाडी हळूहळू आवळावी. खांदे गार लागले तर संपूर्ण दुलई डोक्याकडे चार बोटे सरकवावी. या झोळीत माणूस सरळ न निजता किंचित तिरपा निजला, की पाठ सपाट राहते. साहजिकच दुलईही त्याच तिरकस बाजूला ओढून घ्यावी लागते. आमच्या दुलया गुडघ्यांपर्यंतच पुरणाऱ्या होत्या. तेव्हा पोटऱ्यांखाली, झोळीच्या आत, मी गावाहून नेलेल्या घोंगडीची चौपदरी घडी घातली. पोटऱ्यांचा भार तो किती, त्याने घडी फारशी चेपत नाही. ते पाहून ताई म्हणाली, "याच्या झोळीत मी अशीच गोधडीची घडी घालीत असे." तान्ह्या बाळाच्या पाठीखाली ती घडी कशी पुरे पडत असे, हेही मग आम्हाला उमगले.

पहाटे तीनच्या सुमारास मला पुन्हा पाठीला गारवा जाणवला. दवाने ओलावून नायलॉनचे कापड सैल पडते आणि झोळी खाली येते, तेव्हा दोर पुन्हा एकदा पाहावे लागतात. अंधारात, सुन्न बोटांनी, ते काम करावे लागले. भाचा मात्र गाढ झोपला होता.

दुसऱ्या रात्री आम्ही मुक्काम तळ्याच्या काठावरून उचलून उतारावर थोडा वर नेला. थंड हवा जड असते. रात्री ती डोंगरावरून पाटाच्या पाण्यासारखी उतरते आणि तळ्याच्या खळग्यात साचते. झाडे निवडताना वाळलेली किंवा किडलेली टाळली. चिडाच्या सालीला काच बसू नये म्हणून बारीक दोरीऐवजी रुंद पट्टे वापरले. वाऱ्याच्या बाजूचे छताचे ताडपत्रीवजा कापड जमिनीलगत उतरवले. निजण्यापूर्वी सर्वांनी गरम खिचडी खाल्ली, कानटोप्या घातल्या, आणि ताईने गरम पाण्याची बाटली लोकरी मोज्यात घालून मुलाच्या पायांशी ठेवली. शेगडी चौकीदाराच्या ओट्यावर, उघड्या हवेत होती. तो आणि भाऊजी तिच्यापाशी बराच वेळ बोलत बसले होते.

सकाळी मी उठले तेव्हा तळ्यावर धुके तरंगत होते आणि मधली टेकडी तेवढी वर दिसत होती. ताई दोनदा भाच्याच्या झोळीपाशी जाऊन आली. तिसऱ्यांदा तिने दुलईखाली हात घालून पाहिला, आणि त्याला न उठवता चहाचे आधण ठेवायला गेली.