चोरखमाऱ्याच्या तळ्याकाठी

बारावीचा निकाल लागला की धर्मग्रामाच्या कार्यालयात पालकांची ये-जा वाढते. कुणाला दाखल्यावर सही हवी असते, कुणाला शिफारसपत्र, आणि पुष्कळांना केवळ धीर हवा असतो. नर्सिंग, शिक्षकी पेशा, आयटीआय, फार तर अभियांत्रिकी, या वाटा गोंदिया जिल्ह्यातील आपल्या कुटुंबांना तोंडपाठ आहेत. काही वर्षांपूर्वी मात्र एका घरातून आगळाच प्रश्न आमच्यापुढे आला. मुलाला चित्रपट आणि दूरचित्रवाणी निर्मितीचे शिक्षण घ्यायचे होते. वडील राइस मिलमध्ये मुनीम. मुलाने आयटीआय करावे आणि तिरोड्याच्या वीज प्रकल्पात चिकटावे, एवढीच त्यांची इच्छा. "फादर, ही नाटकवाल्यांची लाइन. आमच्या घरात कुणी केली नाही," असे ते म्हणाले, आणि आई पदराशी चाळा करीत गप्प बसून राहिली.

झाडीपट्टीत राहून हे वाक्य ऐकले की थोडे हसू येते. धान घरात आले की गावोगावी मंडई भरते, दंडार रंगते, वडशाच्या नाट्यमंडळांची नाटके रात्र-रात्र चालतात. या रंगभूमीवर आयुष्य वेचलेल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनाच आनंद झाला. नाटकाला सारा गाव लोटतो. आपल्या पोराने मात्र त्यात पडू नये, असे प्रत्येकालाच वाटते.

त्या मुलाची ओढ आम्हाला ठाऊक होती. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि रिकाम्या बाकांसमोर मिस्सा अर्पण करण्याचा प्रसंग आमच्यावर आला. ती घरोघरी पोहोचविण्याचे काम या शाळकरी पोराने अंगावर घेतले. गीतपुस्तकांच्या चळतीवर मोबाइल टेकवून तो उभा राही. पहिल्याच रविवारी त्याच्या ध्यानात आले की छताच्या पंख्याच्या घरघरीत आमचे प्रवचन बुडते. त्याने पंखा बंद करविला. विदर्भातला एप्रिल, अंगावर मिस्सावस्त्रे आणि पंखा बंद! पुढचे वाचकांनी समजून घ्यावे. आजारपणात अंथरुणाला खिळलेल्या संत क्लेराला खोलीच्या भिंतीवर दूरची मिस्सा दिसली, म्हणून बाराव्या पायस महाशयांनी तिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती ठरविले. त्या काळात आम्हाला तिची वारंवार आठवण होई. तिला पंख्याचा त्रास झाला नसावा.

वडिलांना आम्ही ख्रिस्तसभेची भूमिका सांगितली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी संपर्कमाध्यमांवर स्वतंत्र दस्तऐवज संमत केला. येशूसंघीयांनी 1969 साली मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये संपर्कमाध्यमांची संस्था उभारली, तर कॅनडाहून आलेल्या फादर गास्तों रोबेर्ज यांनी 1970 साली कोलकात्यात 'चित्रबाणी' स्थापन केली. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. "ते कागद खरे फादर, पण पोटाचे काय?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

त्यांना थोडे हलविले ते दादासाहेब फाळक्यांच्या गोष्टीने. 1910 च्या सुमारास मुंबईत प्रभू येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहताना फाळक्यांच्या मनात भारतीय चित्रपटाचे बीज पडले, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असते. त्यांनी ही विद्या कशी मिळविली, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. 1912 साली ते लंडनला गेले, तिथल्या चित्रनिर्मात्यांचे काम समोर उभे राहून पाहिले, विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले, आणि सर्वांत आधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ दिवसेंदिवस टिपत बसले. सरस्वतीबाई घरच्या अंधाऱ्या खोलीत फिल्मला हाताने छिद्रे पाडीत, ती धुवीत, आणि शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळीत. 1913 च्या मे महिन्यात गिरगावच्या कोरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' झळकला, त्यामागे ही हाताने केलेली कामे होती. पुढे शांतारामबापूही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या कंपनीत पडेल ते काम करीतच घडले. हिशेबाच्या वह्यांत हयात घातलेल्या माणसाला हे उमजले. उमेदवारी ही गोष्ट राइस मिललाही परकी नाही. मुलाला नागपूरच्या एका महाविद्यालयात प्रवेश मिळाला.

दुसऱ्या वर्षी, डिसेंबरात, त्याचा वर्ग माहितीपटाच्या सरावासाठी चोरखमाऱ्याला आला. तिरोडा तालुक्यातले हे गाव नागझिरा अभयारण्याच्या वेशीवर वसलेले आहे. पर्यटकांच्या जिप्सी इथल्या प्रवेशद्वारातून वाघाच्या आशेने आत शिरतात आणि गावाकडे कुणाचे लक्ष जात नाही. विषय होता तलाव आणि त्यावर जगणारे ढीवर. मुलाच्या आईने दिलेला चिवड्याचा डबा पोहोचविण्याच्या निमित्ताने आम्हीही तिथे गेलो आणि दोन दिवस राहिलो.

आमची कल्पना होती की आमचा मुलगा कॅमेऱ्यामागे असेल. तो होता लांब काठी डोक्यावर तोलून उभा. काठीच्या टोकाला केसाळ आवरणातला मायक्रोफोन, कानांवर हेडफोन. ही काठी दोन्ही हातांनी उंच धरावी लागते, सावली चित्रात पडू द्यायची नसते आणि खांदे भरून आले तरी हलायचे नसते. त्याखेरीज वायरी गुंडाळणे, थर्माकोलचा पांढरा पत्रा धरून उन्हाचा उजेड माणसाच्या चेहऱ्यावर वळविणे, कोणत्या दृश्यात कोणाच्या खांद्यावर पंचा होता याची नोंद ठेवणे, बारा जणांचा चहा आणणे, ही कामे पाळीपाळीने प्रत्येकाच्या वाट्याला येत. गुरुविद्यालयात आम्हीही पहिले वर्ष बहुतांशी झाडू मारण्यात काढले होते, त्यामुळे ही शिक्षणपद्धती आम्हाला ओळखीची वाटली.

पहिल्या पहाटे एका वृद्ध ढीवराने डोंग्यातून जाळे फेकले. चांगली मासळी आली, आणि मग कळले की कॅमेऱ्यात चित्रण झालेच नव्हते. तोवर मासळी घेऊन व्यापारी निघून गेला होता. दिग्दर्शन करणाऱ्या विद्यार्थिनीने आजोबांना पुन्हा जाळे टाकण्याची विनंती केली. त्यांनी टाकले. पुन्हा टाकले. तिसऱ्यांदाही टाकले. जाळे रिकामेच येत होते, आणि ऊन वर चढत होते. तेव्हा कुणीतरी सुचविले, बाजारातून दोन किलो मासे आणून जाळ्यात घालावेत.

आजोबांच्या सदऱ्याला एक लहानसा मायक्रोफोन लावलेला होता. तो आहे हे ते विसरले होते. डोंग्यात बसून ते नातवाला म्हणाले, "आजचा दिस तं गेला बाप्पा. चुरन्यावर जायाचं होतं." काठावर हे वाक्य एकट्या आमच्या मुलाच्या कानी पडले.

त्याने काठी खाली ठेवली, कंबरभर पाण्यात जाऊन तो मायक्रोफोन काढून घेतला आणि मग वर्गाला सांगितले. मोहाच्या झाडाखाली चांगलाच वाद झाला. दिग्दर्शिका मनाने वाईट नव्हती. कॅमेरा सोमवारी परत करायचा होता, गुण तिचे जाणार होते. एकाने दाखला दिला की 1922 सालच्या 'नानूक ऑफ द नॉर्थ' या जगप्रसिद्ध माहितीपटातही फ्लाहर्टींनी शिकारीचे प्रसंग मुद्दाम घडवून घेतले होते. मुद्दा खोटा नव्हता. प्राध्यापक बाजूला बसून चहा पीत राहिले, निर्णय त्यांनी दिला नाही. ते आम्हाला आवडले.

आम्हीही बोललो नाही. पण मनात धर्मशिक्षणाचा वर्ग सुरू झाला होता. विकतचे मासे जाळ्यात घालणे हा आठव्या आज्ञेचा प्रश्न, आणि गरिबाचा दिवस बुडविणे हा सातव्या आज्ञेचा. आठवी आज्ञा मुलांना लगेच दिसली. सातवी ज्याच्या कानावर हेडफोन होता त्यालाच ऐकू आली. शेवटी जेवणाच्या वर्गणीतून आजोबांना दिवसाची मजुरी देण्यात आली. ती घेताना त्यांनी दोनदा नको म्हटले. मासे मात्र आणले नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळे पहाटे चारला काठावर हजर होते. जाळ्यात मोजून सात मासे आले, त्यांतला एक बोटाएवढा. तेच चित्रित झाले. रात्रभर राबून रिकाम्या जाळ्यांनिशी परतलेल्या गालीलच्या कोळ्यांवर आम्ही किती प्रवचने दिली आहेत, याचा हिशेब नाही; रिकामे जाळे डोंग्यात पडते तेव्हा कसा आवाज होतो, हे आम्ही प्रथमच ऐकले.

चित्रण संपल्यावर त्यांच्यात एक रीत आहे. सर्वांनी एक मिनिट निश्चल उभे राहायचे आणि त्या जागेची शांतता ध्वनिमुद्रित करायची. पुढे संकलनात दोन वाक्यांमधली फट भरायला ती लागते, कारण प्रत्येक जागेची शांतता निराळी असते. मुलाने हेडफोन आमच्या कानांवर ठेवला. काठाशी चुळबुळणारे पाणी, दूर टिटवी, त्याहून दूर घरघरणारी जिप्सी, आणि कुणाच्या तरी नाकातली सर्दी. वार्षिक तपसाधनेत मौनावर बोलणाऱ्या आम्हाला इतके काही एका मिनिटात ऐकू आले नव्हते.

नऊ मिनिटांचा तो माहितीपट धर्मग्रामाच्या सभागृहात पांढऱ्या चादरीवर दाखविला. मुलाचे नाव शेवटी आले, 'ध्वनी' या शब्दापुढे, आणि क्षणात निघूनही गेले. आईला ते वाचता आले नाही, म्हणून शेवट पुन्हा लावावा लागला. वडिलांनी एवढेच विचारले, "त्या म्हाताऱ्याला दाखवला का?" दाखविला होता, पुढच्याच रविवारी मुलगा लॅपटॉप घेऊन चोरखमाऱ्याला जाऊन आला होता.

आता त्याला मुंबईत एका मालिकेच्या ध्वनिविभागात सहा महिन्यांची उमेदवारी मिळाली आहे. बिनपगारी. याविषयी आमचे मत कडवट आहे. शिकवितो म्हणून बारा-बारा तास फुकट राबवून घेणे ही उमेदवारी नव्हे, आणि 1891 पासून कामगारांच्या न्याय्य वेतनाविषयी बोलणाऱ्या ख्रिस्तसभेने आपल्या तरुणांना हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आम्ही सांगितलेही. त्याने ऐकून घेतले, आणि जाण्याचा बेत कायम ठेवला. राहण्याच्या सोयीसाठी आम्ही मुंबईच्या एका धर्मगुरूमित्राला पत्र लिहिले आहे. दिवाळीपर्यंतच्या खोलीभाड्याचे पैसे वडिलांनी मोजून दिले आहेत. पुढचे दिवाळीनंतर पाहू, असे ते म्हणतात.