गोऱ्या माणसाचं बीळ

कॅरॅव्हॅन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उंटांचा तांडा येतो. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातही एके काळी तसे तांडे होते. 19व्या शतकात अफगाणिस्तान आणि ब्रिटिश हिंदुस्थानातून नेलेले उंटवाले तिथे मालाची ने-आण करायचे. आता तिकडे कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडायचं चाकांवरचं घर! दोन पलंग, गॅसची शेगडी, वीतभर बेसिन. जानेवारी 2024 मध्ये ॲडलेडच्या माझ्या मामाने असलं एक घर भाड्याने घेतलं आणि मामा, मामी आणि मी उलुरूचा तो लाल डोंगर बघायला निघालो. जानेवारी म्हणजे तिकडे ऐन उन्हाळा. शहाणी माणसं हा प्रवास जून-जुलैत करतात. पण मामाची रजा आणि माझी सेमिस्टरची सुट्टी यांचा लसावि जानेवारीतच निघत होता.

ग्लेंडॅम्बोला पेट्रोल भरलं आणि पुढचे अडीचशे किलोमीटर काही म्हणजे काही नाही. चहाची टपरीसुद्धा नाही! समोरून येतात त्या रोड ट्रेन, एका इंजिनामागे तीन-तीन ट्रेलर लावलेले, पन्नास मीटरच्या वर लांबीचे ट्रक. त्या शेजारून गेल्या की आमचं घर गदगदा हलायचं. अशातच कॅरॅव्हॅनच्या डाव्या चाकातून घरघर यायला लागली. उतरून हबला हात लावला तर चटका! ग्रीस वितळून रिमवर आलेलं. बेअरिंग गेलं. उरलेले साठ-सत्तर किलोमीटर बैलगाडीच्या चालीने, थांबत थांबत कापले आणि अंधार पडता पडता कूबर पेडी गाठलं.

तिथला मेकॅनिक म्हातारा, तरुणपणी युगोस्लाव्हियातून ओपल शोधायला आलेला. बेअरिंग हातात फिरवून म्हणाला, "या साईजचं माझ्याकडे नाही. ॲडलेडहून मागवावं लागेल." ॲडलेड मागे राहिलं होतं साडेआठशे किलोमीटर!

पहिली रात्र कॅरॅव्हॅनमध्ये काढली. रात्री अकराला पत्रा हाताला गरम लागत होता. मामी म्हणाली, "अहो, माझी भाकरी होईल इथे." दुसऱ्या दिवशी दुपारी पारा 43 वर गेला, तेव्हा मामाने मुकाट्याने जमिनीखालची एक खोली घेतली.

या गावातली बरीच माणसं जमिनीखाली राहतात. टेकडीच्या पोटात आडवं खोदत जायचं, की झालं घर. दारातून चार पावलं आत गेलो आणि कुणी तरी एसी लावल्यासारखं वाटलं. एसी नव्हताच! खडकाचा थर इतका जाड, की दिवसाची उष्णता आतपर्यंत पोचतच नाही. आत बारा महिने साधारण 24-25 अंश. आम्ही हीट ट्रान्स्फरच्या पेपरात यावर आठ मार्कांचं उत्तर लिहितो, पण पाठ टेकून झोपल्यावर ते जरा जास्त समजलं. भिंतींवर खोदाई यंत्राच्या गोल खुणा तशाच ठेवलेल्या, धूळ पडू नये म्हणून वरून पारदर्शक लेप. हवेसाठी छतातून वर गेलेलं भोक. गावात खाणकामाला बंदी आहे, घर वाढवायला नाही. म्हणून इथे लोकांना एकेक खोली फार कमी पडते म्हणे!

1915 मध्ये सोनं शोधायला आलेल्या टोळीतला विली हचिसन नावाचा चौदा वर्षांचा पोरगा पाणी शोधायला गेला आणि त्याला ओपल सापडलं. तिथून हे गाव. मूळ रहिवाशांच्या 'कुपा पिटी'वरून नाव आलं, अर्थ सांगतात 'गोऱ्या माणसाचं बीळ'. पाणी मात्र आजही खोल बोअरचं, खारट. ते आर.ओ. करून गावाला मिळतं. गंमत म्हणजे ज्याच्यासाठी एवढी बिळं खणली, त्या ओपलमध्येच पाणी असतं. सिलिकाचे अतिसूक्ष्म गोल नीट रचलेले आणि त्यात अडकलेलं थोडं पाणी. गोलांची रचना नियमित असेल तर रंग, नसेल तर नुसता दगड. मामीने भर उन्हात मातीच्या ढिगात तासभर उकरलं. मिळाला तो नुसता दगड. तिने तो रुमालात बांधला.

वीजही गावाची स्वतःची. 2017 पर्यंत सगळी डिझेलवर, त्यानंतर पवनचक्क्या, सोलर आणि बॅटरी जोडली. वारा आणि ऊन जोरात असेल तेव्हा डिझेल इंजिनं बंद ठेवूनही गाव चालतं. मेकॅनिकला विचारलं तर म्हणाला, "दिवे लागतात. बाकी मला ठाऊक नाही."

बेअरिंग तिसऱ्या दिवशी दुपारी आलं. बसवायला त्याला पाऊण तास लागला. पण उलुरू अजून सातशेवर किलोमीटर पुढे आणि मामाला सोमवारी ऑफिस! मामा नकाशाकडे बघत बसला. मी काही बोललो नाही. शेवटी मामीच म्हणाली, "चला, परत फिरू. डोंगर कुठे पळून जात नाही."

निघताना म्हाताऱ्याने बजावलं, "मीटरवर विश्वास ठेवू नका. शंभर किलोमीटरला थांबायचं आणि हबला हात लावून बघायचं." ॲडलेडपर्यंत आम्ही आठ वेळा थांबलो. प्रत्येक वेळी मामी आधी उतरायची, आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा हबला हात लावायची आणि म्हणायची, "कोमट आहे. चला."