चानीच्या पाठीवरची बोटे

माळव्यात उन्हाळ्याची पहिली वर्दी आंबा देत नाही, तुती देते. रंगपंचमीचा रंग कानामागून पुरता निघालेला नसतो, तोच फांद्यांवरची हिरवी फळे लाल आणि मग काळीभोर होऊ लागतात. उज्जैनला आमच्या घरामागच्या आवारात असे एक झाड होते. सारी गल्ली त्याला शहतूत म्हणे. तुती म्हणणारी एकटी आमची आजी.

आजी वेंगुर्ल्याची. खारीला ती 'चानी' म्हणे. महाकालाचे देऊळ पुन्हा उभारले ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी, म्हणजे आपल्याच सारस्वत माणसाने, हे सांगताना तिचा आवाज किंचित चढे. एरव्ही तिचा जीव कोकणातच अडकलेला. सेतू बांधताना वाळू झटकणाऱ्या चानीच्या पाठीवरून रामाने तीन बोटे फिरवली, ही गोष्ट ती दर रामनवमीला सांगे. वाल्मीकींच्या रामायणात ही चानी नाही, हे मला पुष्कळ पुढे कळले.

तुती पिकली की आम्हा मुलांच्या हातांत गुलेली येत. पळत्या खारीवर नेम धरणे व्यर्थ. मात्र पिकले फळ पुढल्या दोन पायांत धरून ती खायला बसली की क्षणभर निश्चल होते. तेवढा क्षण साधायचा. झाडाच्या मालकांची ना नव्हती; खारी अर्धे फळ खाऊन अर्धे टाकतात, हा त्यांचा राग. मारलेल्या खारीचे आम्ही काहीच करीत नसू. नेम लागला, एवढेच.

आजीने एकदा मला अडवले. "रामाची बोटे आहेत रे तिच्या पाठीवर," ती म्हणाली. माझे उत्तर तयार होते. कोकणातल्या खारीला पट्टे तीन, आमच्या उज्जैनच्या खारीला पाच. तेव्हा ही काही रामाची नव्हे! मोजणी खरी होती. उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची खार या खरोखरच दोन निराळ्या जाती आहेत. आजी निरुत्तर झाली आणि मी गुलेल घेऊन बाहेर पडलो.

त्याच दुपारी माझा नेम लागला. माझे म्हणणे सिद्ध करावे म्हणून ती खार मी शेपटीला धरून आजीपुढे नेली. आजीने ती पदरावर घेतली आणि पाठीवरून एक बोट फिरवले. "हे मधले तीन तेच आहेत," ती म्हणाली. "कडेचे हे दोन तेवढे फिके." मग तिने खार उताणी केली. पोटावरची स्तने दुधाने भरलेली होती.

घरटे तुतीवर नव्हते. शेजारच्या कौलांखाली काथ्या आणि चिंध्या यांचा एक गोळा संध्याकाळी सापडला. आत दोन पिले, डोळे न उघडलेली, माझ्या अंगठ्याएवढी. आजीने कापसाची वात करून त्यांना गाईचे दूध पाजले आणि रात्रभर त्यांना पोटाशी घेऊन ती बसून राहिली. एक दुसऱ्या दिवशी गेले, एक तिसऱ्या. ती मला एक शब्दही बोलली नाही. मार मिळाला असता तर बरे झाले असते.

चार दिवसांनी रामनवमी आली. सुंठवडा वाटून झाल्यावर आजीने नेहमीप्रमाणे सेतूची गोष्ट आरंभली. वानर आले, दगड तरंगले, नल-नीलांची नावे झाली. मी खाली मान घालून ऐकत होतो. चानी येण्याची वेळ झाली. पण आजी तिथे थांबली नाही. ती तशीच लंकेत उतरली.