मंडळ आणि मंडळी

मंडळाच्या गणेशोत्सवात पहिल्यांदा भेटणारा माणूस मला हमखास विचारतो, "तुम्ही ख्रिश्चन ना? मग इथे कसे?" मी सांगतो, "मोदकांसाठी." विषय हसण्यावारी जातो. मी मूळचा अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर). घराणे चार पिढ्या मराठी ख्रिस्ती, आणि गंमत म्हणजे आमच्याकडे चर्चच्या सभासदांना 'मंडळी'च म्हणतात. त्यामुळे मंडळ काय नि मंडळी काय, मला दोन्ही घरचेच. त्यातली एक सोडून आता दीड वर्ष झाले. त्याबद्दल थोडे लिहितो.

२००४ साली मी एम.एस्सी.साठी डेल्फ्टला आलो. पहिला नोव्हेंबर कसा जातो ते आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. पाच वाजायच्या आत अंधार, वरून पाऊस आणि सायकलचा दिवा बंद. अशाच एका रविवारी कुणीतरी मला एका इंग्रजी उपासनेला नेले. शाळेच्या हॉलमध्ये भरणारे छोटे चर्च, कितीतरी देशांची माणसे आणि शेवटी सगळ्यांना गरम सूप. पुढची अनेक वर्षे तेच माझे घर होते. नोकरी लागल्याचे मी आधी तिथेच सांगितले. दोन्ही मुलांचे बाप्तिस्मे तिथेच झाले. थोरलीच्या वेळी व्हिसाच्या घोळात सासूबाईंना यायला उशीर झाला, तेव्हा घानाच्या एका मावशींनी पंधरा दिवस आमच्या घरी डबा पोचवला. हे आधी सांगतो, कारण पुढचे वाचून ती माणसेच वाईट होती असा कुणाचा समज व्हायला नको.

पाळकसाहेबांनीच ते चर्च सुरू केलेले. पंचांत त्यांची पत्नी, खजिनदार त्यांचे मेहुणे. इतकी वर्षे ते मलाही खटकले नव्हते. मग 'इमारत निधी' सुरू झाला. माझा धंदा बँकांच्या संगणक प्रणालींचा. तिथे साधा बदल करायचा तरी दुसऱ्याची मंजुरी लागते. डच लोक त्याला चार डोळ्यांचा नियम म्हणतात. शिवाय देणगीवर करसवलत मिळावी म्हणून संस्थेला जो 'आन्बी' दर्जा असतो, त्यात जमाखर्च वेबसाईटवर टाकावा लागतो. चर्चनाही हे १ जानेवारी २०१६ पासून बंधनकारक आहे. आमच्या साईटवर एकच पान होते, तेही जुने, आणि त्यात या निधीचा पत्ता नव्हता.

मी विचारले. पाळकसाहेब प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझा विश्वास कुठे कमी पडतोय का?" मी हिशेब विचारत होतो, उत्तर श्रद्धेचे येत होते. पुढे दोनदा लेखी विचारले. मग एका रविवारी मोशेविरुद्ध उठलेल्या कोरहाच्या कथेवर प्रवचन झाले. सूपच्या रांगेत माझ्या आजूबाजूला जरा मोकळी जागा राहिली. पुढच्या महिन्यात प्रोजेक्टर सांभाळणाऱ्यांच्या यादीतून माझे नाव गेले. (आय.टी.वाल्याला प्रोजेक्टरवरून काढणे म्हणजे काय ते आपण जाणता!) कुणी पैसे खाल्ले असे मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे तेव्हा नव्हता, आजही नाही. हिशेब दाखवला नाही, एवढेच मी सांगू शकतो.

तरी निघायला आठ महिने लागले. सौ. म्हणायची, "मुलांचे सगळे मित्र तिथले, त्यांना काय सांगायचं?" पप्पांना नगरला फोन केला. ते आधी म्हणाले, "अरे, मंडळीत भांडणं कुठे नसतात?" मग थोडे थांबून म्हणाले, "टिळकांनी सोडलंच की मिशन." रेव्हरंड ना. वा. टिळक आमच्या घरात नातेवाईकासारखे बोलण्यात येतात. मिशनऱ्यांशी त्यांचा स्नेह होता, पण हिंदी ख्रिस्ती माणसाने कायम मिशनच्या ओंजळीने पाणी प्यावे हे त्यांना पटेना. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा न झालेल्यांनाही त्यात जागा होती. पुढे दोनच वर्षांत, ९ मे १९१९ ला ते गेले. लक्ष्मीबाईंचा संसार त्या काळात कसा चालला असेल, हा प्रश्न आमच्या सौ.ने विचारला आणि मी गप्प बसलो.

ऑफिसातला एक डच सहकारी एकदा जेवणाच्या सुट्टीत मला डाम चौकात घेऊन गेला. तिथली न्यू केर्क आपण सगळ्यांनी पाहिली आहे. विलेम-अलेक्झांडर यांचा २०१३ चा राज्यारोहण सोहळा तिथेच झाला. त्याने एका दाराची गोष्ट सांगितली. १८८५ च्या सुमारास ॲमस्टरडॅमच्या चर्चमध्ये वाद पेटला. मूळ भांडण शिकवणुकीचे, पण गाठ आली ती मालमत्तेवर: ताबा स्थानिक पंचांचा की वरच्या मंडळाचा? जानेवारी १८८६ मध्ये अब्राहम कायपर धरून ऐंशी जणांना निलंबित केले आणि सभेच्या खोलीला कुलूप घातले. कायपर आणि त्यांच्या साथीदारांनी दाराची फळी करवतीने कापून आत प्रवेश केला! हेच कायपर पुढे १९०१ ते १९०५ पंतप्रधान होते. आपली मुले जिथे शिकतात ते फ्रै विद्यापीठही त्यांनीच १८८० साली काढलेले.

बाहेर पडलेल्यांच्या चळवळीचे नाव 'दोलेआन्सी', म्हणजे शोक करणारे. सहकाऱ्याची आजी त्यातल्याच घराण्यातली. दुसऱ्या चर्चच्या बेकरकडून ती पावसुद्धा घेत नसे. त्या दोन्ही बाजू अखेर १ मे २००४ ला एक झाल्या, म्हणजे मी डेल्फ्टला उतरलो त्याच वर्षी. ११८ वर्षांनी!

त्या रात्री मी दोन ओळींचा राजीनामा लिहिला. उत्तर आले नाही. करवतीची गरज पडली नाही, कारण हॉल शाळेचा होता.

गेल्या वार्षिक सभेत आपल्या खजिनदारांनी जमाखर्च वाचला, तेव्हा निम्म्या सभेचे लक्ष बटाटेवड्यांच्या वासाकडे होते. मी हॉलच्या अनामत रकमेबद्दल विचारले. त्यांचा चेहरा जरा पडला, पण त्यांनी फाईल उघडून पावती दाखवली. मला इतके बरे वाटले की दोन वडे जास्त खाल्ले.

मावशी अजून तिथेच जातात. नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनी दारात डबा आणून दिला, मुलांना जवळ घेतले. चर्चचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. त्यांचा डबा परत करायचा राहिला आहे.