सुळा आणि सुळका

आमच्या कोनच्या घराच्या ओटीवरून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. त्याच्याकडे पाहत रोज सकाळी दात घासावयाचे, हा माझा कित्येक वर्षांचा परिपाठ. घासणेही साधेसुधे नव्हे. कल्हईवाल्याने पातेले घासावे तशा तडफेने! या श्रमांना मी स्वच्छता म्हणत असे, आणि चारचौघांत आपल्या शुभ्र दंतपंक्तीचा थोडा अभिमानही मिरवीत असे.

गेल्या वर्षी दंतवैद्यांनी माझ्या हाती आरसा दिला. वरच्या डाव्या सुळ्यावरची हिरडी सरकून त्याचे पिवळट मूळ उघडे पडले होते. “हा रोग नव्हे, हा तुमचा हात,” ते म्हणाले. मग त्यांनी क्ष-किरणांचे चित्र दाखविले. मागच्या दोन दाढांभोवतीचे हाड झिजले होते; तेथे मात्र रोगच होता. किटण साचले की हिरडी सुजते, आणि ती सूज वर्षानुवर्षे राहिली म्हणजे दाताला धरून ठेवणारे हाड हळूहळू विरत जाते. बहुधा दुखत नाही, म्हणून कळतही नाही. जेथे लोकांची नजर पोचते तेथे मी नको इतका घासत होतो, आणि जेथे ती पोचत नाही तेथे माझा ब्रशही पोचत नव्हता! माझ्या स्वभावाची इतकी नेमकी परीक्षा आजवर कोणी केली नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

आधी दाढा मुळापर्यंत साफ झाल्या. मग टाळूतून चिंचोक्याएवढा एक पदर काढून वैद्यांनी तो सुळ्याच्या मुळावर, हिरडीखाली शिवला. कलमाची ही विद्या आमच्या मुलखाला परकी नाही. १७९२ च्या टिपूवरील युद्धात इंग्रजांकडे बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या मराठ्याचे नाक शत्रूने कापले. पुण्याकडच्या एका वीटकाम करणाऱ्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ती हकीकत सचित्र छापली. त्या कातडीचा एक देठ जागच्या जागी राखलेला होता. माझा तुकडा मात्र पुरता पोरका. पहिले दोन-तीन दिवस तो खालच्या जखमेतून पाझरणाऱ्या रसावरच जगतो. नंतर त्यात केसासारख्या रक्तवाहिन्या शिरतात. राबातून उपटून लावलेले भाताचे रोपही असेच चार दिवस माना टाकते, मग मूळ धरते. त्या दिवसांत त्याला हलवू नये. म्हणून ओठ उचलून आरशात डोकावण्याची मला सक्त मनाई होती. आणि दुखण्यापेक्षा तीच मला जड गेली.

दोन-तीन आठवड्यांत टाळू भरून आली. सुळ्याचे मूळही झाकले गेले. मोठ्या उमेदीने मी विचारले, “आणि दाढांचे हाड?”

“असे सपाट झिजलेले हाड परत येत नाही. आहे तेवढे राखा.”

सुळक्याभोवतीचा ठिसूळ खडक झिजून गेला, म्हणून तो एकटा उभा दिसतो आणि आपण त्याचे कौतुक करतो. दाताला तसले वैभव परवडत नाही. आता मी मऊ ब्रश घेऊन मागच्या दाढांपासून आरंभ करतो, आणि तेवढा वेळ सुळक्याकडे पाठ करून बसतो.