नेत्रतळाचा दाखला

डोकेदुखीने गांजलेल्या तरुण स्त्रीला, त्यातही अलीकडे वजन वाढलेल्या स्त्रीला, अर्धशिशीचे औषध लिहून देण्यापूर्वी जो डॉक्टर तिचे नेत्रतळ पाहत नाही, तो आपल्या कर्तव्यातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा भाग सोडून देतो, असे माझे निश्चित मत आहे. हेल्महोल्ट्झने १८५१ साली जगापुढे ठेवलेल्या ऑफ्थॅल्मोस्कोपच्या प्रकाशात दोन्ही डोळ्यांतील नसांची मुखे फुगलेली आणि कडांनी धूसर दिसली, की कवटीतला दाब वाढल्याची शंका बळावते. मग मी विचारू लागतो: वाकून उठताना क्षणभर अंधारी येते का, कानात नाडीच्या ठोक्यांबरोबर घुमते का, दूरची वस्तू दोन दिसते का, मुरमांसाठी डॉक्सिसायक्लिन किंवा ‘अ’ जीवनसत्त्वाची औषधे चालू आहेत का.

तरीही या दाबवाढीचे ‘कारण अज्ञात’ हा निकाल सारा तपास पुरा झाल्यावाचून देण्याचा अधिकार कोणालाच नाही. एमआरआयमध्ये गाठ नाही एवढ्यावर खातरजमा होत नाही; मेंदूच्या शिरांत रक्ताची गुठळी नाही, हेही पाहावे लागते, आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीच्या बाबतीत तर ते विसरणे अक्षम्य होय. त्यानंतर कमरेतून पाणी काढायचे. त्याने पाय जातात, ही आपल्याकडील भीती शांतपणे दूर करावी, रुग्णाला कुशीवर निजवून पाय सैल सोडायला लावावेत आणि मगच दाब मोजावा. प्रौढ माणसात तो पाण्याच्या २५ सेंटिमीटरपर्यंत पोहोचला वा त्यापुढे गेला, तर तो वाढलेला समजतात.

माझा खरा जीव अडकतो तो दृष्टिक्षेत्रात. तक्त्यावरची शेवटची ओळ बिनचूक वाचणारी व्यक्तीही कडेची नजर गमावत असू शकते, म्हणून प्रत्येक खेपेस दृष्टिक्षेत्राचा आलेख काढून मागच्या आलेखाशी ताडून पाहावा, हा माझ्या दप्तराचा नियम आहे. वजन उतरवणे हा येथील मुख्य उपाय. पण तो दटावून नव्हे, आहारतज्ज्ञाच्या मदतीने आणि धीराने साधायचा. दाब उतरवण्यासाठी दिलेल्या ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्यांनी बोटांना मुंग्या येतील, सोडावॉटर बेचव लागेल, हे आधीच सांगून ठेवले नाही, तर कित्येक जणी गोळ्या परस्पर बंद करतात. नजर दिवसागणिक खालावत असेल, तर मात्र गोळ्यांचा गुण येण्याची वाट न पाहता, नसेभोवतीचे आवरण उघडण्याची किंवा नळी घालून पाण्याला वाट देण्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडे त्याच दिवशी पाठवावे.