‘हौदू’ म्हणणारं गाव

आइंडहोवनला येऊन मला चौथा दिवस होता. सुपरमार्केटमध्ये दूध, ब्रेड, अंडी घेतली, पैसे चुकते केले आणि निघालो. तेवढ्यात गल्ल्यावरची मुलगी हसून म्हणाली, “हौदू!”

मी जागच्या जागी थांबलो. मागं वळून बघितलं. सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची मुलगी. ही काय म्हणून आपल्याला ‘हौदु’ म्हणाली? मी तर काही विचारलंच नव्हतं! तेवढ्यात मागच्या आजोबांचंही सामान झालं. त्यांनाही ती “हौदू” म्हणाली आणि आजोबांनीही “हौदू” म्हणून उत्तर दिलं. एक क्षण वाटलं, आपण आइंडहोवनला आलोय की गोकाकला?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारलं तेव्हा उलगडा झाला. नेदरलँड्सच्या दक्षिणेला ब्राबांट नावाचा प्रांत आहे. तिथल्या बोलीत निरोप घेताना ‘हौदू’ म्हणतात. ‘नीट राहा, सांभाळून राहा’ अशा अर्थाच्या डच शब्दांचं ते झिजलेलं रूप. ॲमस्टरडॅमकडची माणसं या शब्दाला हसतात, गावंढळ समजतात. ब्राबांटची माणसं मात्र तो अभिमानानं वापरतात. आपल्याकडं धारवाडी कानडीला बेंगळूरवाले हसतात आणि बेळगावी मराठीला पुणेवाले, तसंच म्हणा ना!

आता थोडं माझ्याविषयी. शिक्षण बेळगावात, इंजिनिअरिंगही तिथंच. वडील उद्यमबागेत एका फौंड्रीत होते, त्यामुळं लोखंड, साचा, मशीनिंग हे शब्द लहानपणापासून कानावर. इथं मी यंत्राचे अगदी बारीक सुटे भाग डिझाइन करणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला आहे. तीन वर्षं झाली. आइंडहोवन हे मुळात कारखान्यांचंच गाव. 1891 मध्ये इथं फिलिप्सचा बल्बचा कारखाना निघाला आणि त्याच्याभोवती शहर वाढलं. आज शेजारच्या फेल्डहोवनमध्ये संगणकाच्या चिप बनवणारी यंत्रं तयार होतात. त्यामुळं जगभरचे इंजिनिअर इथं येतात आणि त्यांत आपली भारतीय मंडळीही भरपूर.

“कुठला तू?” असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. मी म्हणतो, “बेळगाव.” पासपोर्टवर जन्मठिकाण इंग्रजीत ‘बेलगाम’ छापलंय, 2014 मध्ये गावाचं नाव सरकारी कागदावर बदललं त्याच्या आधीचं. शेजारच्या आजीबाईंना मी ते पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “बेल्जियम? मग तर तू जवळचाच की!” मी तीनदा समजावलं. त्यांनी तीनदा मान हलवली. आजही त्या आपल्या मैत्रिणींना माझी ओळख ‘बेल्जियमचा मुलगा’ अशीच करून देत असाव्यात, असा मला दाट संशय आहे!

इथलं रोजचं जगणं म्हणजे सायकल. पाऊस असो, वारा असो, आडवी सर असो, माणसं सायकलवरच. माझे साहेबसुद्धा सायकलनंच येतात. पहिल्या हिवाळ्यात साडेचार वाजताच अंधार पडायला लागला. त्या अंधारात दिवा न लावता सायकल चालवली की दंड. सायकलला दिवा नाही म्हणून दंड, हे वडिलांना फोनवर सांगितलं तर ते कितीतरी वेळ हसत होते.

दुपारचं जेवण म्हणजे ब्रेडचे दोन तुकडे, मध्ये चीज. संपलं! कुणी कुणी तर लोण्यावर चॉकलेटचे दाणे भुरभुरून ब्रेड खातात, आणि तेही मोठी माणसं. पहिल्या महिन्यात मी डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी नेली. सगळे जमले, वास घेतला, चव घेतली, पाणी प्यायले. चटणी मी येतानाच आणली होती. आईनं कुंदाही बांधून दिला होता, पण दुधाचे पदार्थ युरोपात बरोबर नेता येत नाहीत, हे मी आदल्या रात्री वाचलं. तो डबा सांबऱ्याच्या विमानतळावर बाबांच्याच हाती परत दिला. आईचं तोंड बघवत नव्हतं. इथं आल्यावर मात्र एक शोध लागला. ‘कार्नेमेल्क’ नावानं चक्क ताक मिळतं! आपल्यापेक्षा जरा दाट. पाणी, मीठ, जिरं आणि कोथिंबीर घातली की काम भागतं.

एकटेपणा कशानं येतो, ते इथं आल्यावर कळलं. तो थंडीनं येत नाही. कुणाकडं जायचं तर डायरी काढून दोन-तीन आठवड्यांनंतरचा दिवस ठरवावा लागतो, तेव्हा येतो. मी डच शिकायला लागलो, पण दुकानात एक वाक्य अडखळत बोललो की समोरचा लगेच इंग्रजीवर येतो. बिचारा मदतच करत असतो. मला मात्र वाटतं, दार उघडता उघडता कुणीतरी हलकेच लावून घेतलं.

आणि असं वाटलं की मला नेमका एक जुना दिवस आठवतो. तो सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

माझी आई गोकाकची. माहेरची भाषा कानडी. बाबा पिढ्यान्पिढ्या बेळगावचे, मराठी. आमच्या दारावरची पाटी मराठीत, सोप्यातल्या गप्पा मराठीत आणि स्वयंपाकघर कानडीत. लहानपणी मी तिला ‘अव्वा’च म्हणायचो. सहावीत असताना एकदा मी डबा घरीच विसरलो. मधल्या सुट्टीत ती धावतपळत शाळेच्या फाटकापाशी आली आणि लांबूनच ओरडली, “डब्बी मरतु बंदीयल्लो!” माझ्याबरोबरची पोरं फिदीफिदी हसली. कुणीतरी तिची नक्कल केली. मी डबा घेतला आणि दबक्या आवाजात म्हणालो, “आई, इथं कानडी बोलत जाऊ नको.”

ती काहीच बोलली नाही. पण त्या दिवसापासून ती माझ्याशी मराठीच बोलायला लागली, घरातसुद्धा. आणि ‘अव्वा’ची मी ‘आई’ केली ती कायमची. तिची मराठी चांगली झाली, सगळे कौतुक करायचे. मी मात्र त्या फाटकातला एक शब्दही कधी कुणाला सांगितला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी आम्ही दोघंजण बार्लेला गेलो. बरोबर ऑफिसातला हुबळीचा मित्र. पहिल्या भेटीत तो माझ्याशी सरळ कानडीत बोलला होता आणि मी इंग्रजीत उत्तर दिलं होतं. त्यानं मनावर घेतलं नाही, पण त्यानंतर तो माझ्याशी इंग्रजीतच बोलायचा. ‘हौदू’ची गंमत मात्र आम्हा दोघांनाच कळते, त्यामुळं तेवढा एक शब्द आमच्यात कानडी!

टिलबर्गपर्यंत रेल्वे आणि पुढं बस. बार्ले हे गाव तसं छोटं, पण सीमाभागातल्या माणसानं एकदा तरी बघावं असं. गावाभोवती सगळा नेदरलँड्स, आणि त्याच्या आत बेल्जियमचे 22 तुकडे विखुरलेले. गंमत म्हणजे बेल्जियमच्या त्या तुकड्यांच्याही पोटात पुन्हा नेदरलँड्सचे 7 तुकडे! बाराव्या शतकाच्या अखेरीला इथल्या सरदारांनी जमिनी वाटून घेतल्या, त्याचं हे फळ. पुढं 1830 मध्ये बेल्जियम वेगळा झाला आणि सीमा आखायची वेळ आली. 1843 च्या करारात बार्लेपुरती रेघ काही मारता आली नाही. मग हजारो भूखंड एकेक करून ‘हा तुमचा, हा आमचा’ असं लिहून काढलं.

रस्त्यावर पांढऱ्या फुल्यांची ओळ दिसते. एका बाजूला नेदरलँड्सचं अक्षर, दुसऱ्या बाजूला बेल्जियमचं. ती ओळ फूटपाथवरून जाते, हॉटेलच्या टेबलांमधून जाते, कुणाच्या तरी घरात शिरते आणि मागच्या बाजूनं बाहेर पडते. घरांच्या नंबरपाट्यांवर ज्या त्या देशाच्या झेंड्याचे रंग. नगरपालिका दोन, महापौर दोन. मग ज्या घरातून रेघ जाते ते घर कुठल्या देशाचं? त्याला इथं साधा नियम आहे : पुढचं दार ज्या देशात, घर त्या देशाचं. कायदे सोयीचे पडावेत म्हणून पूर्वी लोकांनी दारंसुद्धा हलवली, असं सांगतात. एका घराच्या तर दारातूनच रेघ गेलीय. त्याला दोन नंबर दिलेत!

हे सगळं मौजेचं वाटतं, पण रेघेनं माणसांना रडवलंही आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी बेल्जियम घेतला आणि 1915 मध्ये नेदरलँड्सच्या सीमेवर विजेची तार ओढली. तिला चिकटून माणसं मेली. बार्लेतला बेल्जियम मात्र तटस्थ नेदरलँड्सनं वेढलेला, म्हणून मोकळा राहिला. 2020 च्या लॉकडाउनमध्ये दोन्ही देशांचे नियम वेगळे होते. तेव्हा कपड्यांच्या एका दुकानात मधोमध पट्टी लावली. डच बाजूचे कपडे विकायला चालू, बेल्जियमच्या बाजूचे बंद!

आपल्याकडच्या वाचकाच्या मनात लगेच येईल, ‘बघा, किती समंजस लोक!’ माझ्याही आलं होतं. पण बार्लेत दोन्हीकडची भाषा डचच आहे, हे विसरून चालत नाही. भाषा दोन झाल्या की युरोपातली माणसंही आपल्यासारखीच. त्याच बेल्जियममध्ये ल्युवेनच्या विद्यापीठावरून डच आणि फ्रेंच भाषिकांचा एवढा वाद पेटला की 1968 मध्ये सरकार पडलं. विद्यापीठाचे दोन तुकडे झाले, ग्रंथालयातली पुस्तकंसुद्धा वाटली गेली. विषम क्रमांकांची इकडं, सम क्रमांकांची तिकडं. एकाच ग्रंथमालेचा पहिला खंड एका गावी, दुसरा दुसऱ्या गावी. तेव्हा त्यांच्याकडून काही धडा घ्यावा म्हणून मी हे सांगत नाही.

मी सांगतोय ते वेगळंच. फुल्यांच्या ओळीपाशी एका बाकावर आम्ही फ्राइज खात बसलो होतो. समोर एक घर. दार नेदरलँड्सच्या बाजूला, पण खिडकीतून स्वयंपाकघर दिसत होतं आणि रेघ नेमकी त्याच्या आधीच घरात शिरलेली. म्हणजे स्वयंपाकघर बेल्जियममध्ये! आत एक बाई भांडी विसळत होती. मित्र म्हणाला, “हिला रोज परदेशात जाऊन भात शिजवावा लागतो!” तो हसला. मला हसू आलं नाही. पुढचं दार मराठी, स्वयंपाकघर कानडी. हे घर मी ओळखत होतो. फरक एवढाच, की या बाईला आपल्या स्वयंपाकघरात गप्प बस, असं कुणी म्हणालं नव्हतं.

खिशातला फोन वाजला. दर रविवारी वाजतो तसा. इथं दुपारचा एक, बेळगावात साडेचार. आईनं नेहमीप्रमाणं विचारलं, “जेवलास काय?”

मी जरा थांबलो. मग म्हणालो, “अव्वा, नंदु ऊटा आतु. निंदु?”

पलीकडं काहीच आवाज नाही. मला वाटलं, रेंज गेली. मग तिनं विचारलं, “येनंदी?” काय म्हणालास? मी परत तेच म्हणालो. आणि मग ती जी बोलायला लागली! गोकाकची मामी, तिची पाठदुखी, परसातली गवारी, अज्जीनं मरताना कुणाकुणाची नावं घेतली होती ते. अज्जी जाऊन पाच वर्षं झाली. मराठीत यांतलं काहीच तिनं मला सांगितलं नव्हतं. मी मध्ये मध्ये अडखळत होतो, ‘म्हणजे’ आणि ‘पण’ घुसडत होतो. शेवटी तीच म्हणाली, “निन्न कन्नडा पूरा केट्टैती नोडु!” पण माझी कानडी बिघडली म्हणून ती काही मराठीवर आली नाही. मी चुकत राहिलो, ती दुरुस्त करत राहिली. दार लावून घेतलं नाही.

फाटकाचा विषय मी काढला नाही. तिनंही काढला नाही. कधीतरी काढेन, पण समोर बसून. डिसेंबरात गावी जायचंय.

फोन ठेवला तेव्हा मित्र माझ्याकडं बघत होता. फ्राइज थंडगार झाल्या होत्या. तो कानडीत म्हणाला, “तुला येतं की रे! मग तीन वर्षं काय करत होतास?”

त्याला काय उत्तर देणार? बस यायची वेळ झाली होती. उठता उठता मी एवढंच म्हणालो, “हौदु.”